फडाला दार नसतं

ऊसतोड टोळीचा दिवस अंधारातच सुरू होतो. खोपीपुढे चूल पेटते, भाकरी फडक्यात बांधल्या जातात आणि उजाडायच्या आत जोडी फडात पोचलेली असते. नवरा कोयत्याने तोडत पुढे सरकतो. बायको मागून पाचट काढते, वाढं वेगळं करते, मोळी बांधते. गाडी भरायची वेळ आली की तीच मोळी डोक्यावर घेऊन तिला फळीवरून चढायचं असतं. गाडीची वेळ मात्र टोळीच्या हातात नसते. दुपारी चारला येते, कधी रात्री दोनला. परत आल्यावर खोपी असते. ताडपत्री, बांबू, आणि दाराच्या जागी जुन्या लुगड्याचा पडदा. आंघोळीला आडोसा नाही, अंधार पडल्याशिवाय शौचाला जाता येत नाही, आणि अंधार पडल्यावर जायची भीती वाटते.

यातली कामाची जागा कोणती आणि घर कोणतं? हा प्रश्न पंडिती वाटेल, पण कष्टकरी बायका आणि मुलींवरच्या लैंगिक हिंसेची गेल्या पन्नास वर्षांतली सगळी चर्चा या ना त्या वाटेने इथेच येऊन थांबते. ऑफिसातल्या बाईसाठी कायदा आहे, समिती आहे, भिंतीवर फलक आहे. फडातल्या, वीटभट्टीवरच्या, दुसऱ्याच्या स्वयंपाकघरातल्या बाईसाठीही कायदा आहे, निदान कागदावर. तो तिच्यापर्यंत का पोचत नाही, आणि पोचावा यासाठी कोण काय म्हणतं, याचा हा आढावा.

सुरुवातीलाच एक अडचण नोंदवायला हवी. 'लैंगिक छळ' हा शब्द फडात कोणी वापरत नाही. 'मुकादम वंगाळ बोलतो', 'गाडीवाला अंगचटीला येतो', 'मालकाची नजर बरी नाही' अशी वाक्यं कानावर येतात. घरकाम करणारी बाई तर तेवढंही बोलत नाही. 'ते घर मी सोडलं,' एवढंच सांगते, आणि ऐकणाऱ्या बायका पुढचं समजून घेतात. प्रश्नाची व्याप्ती मोजणारे आकडे याच अबोल्यावर उभे आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी फक्त १४ टक्क्यांनी कुठेतरी मदत मागितल्याचं दिसलं. तक्रारी कमी येतात म्हणजे त्रास कमी आहे, असं म्हणणाऱ्यांनी हा आकडा जवळ ठेवावा.

मथुरा, शहादा, भटेरी

भारतातल्या बलात्कारविषयक कायद्याचा आधुनिक इतिहास महाराष्ट्रातल्या एका मोलमजुरी करणाऱ्या मुलीपासून सुरू होतो. मथुरा आदिवासी होती. आईवडील नव्हते, ती भावाजवळ राहून मजुरी करायची आणि एका घरी कामाला जायची. मार्च १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात दोन पोलिसांनी तिच्यावर अत्याचार केल्याचा आरोप झाला. हे गाव तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होतं, आता गडचिरोलीत आहे. उच्च न्यायालयाने शिक्षा दिली, सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये दोघांना सोडलं. अंगावर जखमा नव्हत्या, तिने आरडाओरडा केला नव्हता, म्हणजे संमती होती, असा तो युक्तिवाद होता. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धगमवार या चार कायद्याच्या अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. मुंबईत १९८० मध्ये 'फोरम अगेन्स्ट रेप' उभा राहिला आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या अत्याचाराची वेगळी तरतूद आली, आणि अशा खटल्यात बाईने संमती नव्हती असं सांगितलं तर न्यायालयाने ते गृहीत धरावं असं ठरलं. हे सगळं मोठंच होतं. पण मथुरेचं नाव पुढे 'कोठडीतला बलात्कार' या विषयाशी जोडलं गेलं. ती दुसऱ्याच्या घरी राबणारी मुलगी होती, हा धागा मागे पडला तो पडलाच.

त्याच १९७२ च्या सुमाराला उत्तर महाराष्ट्रातल्या शहाद्यात दुसरंच काही घडत होतं. अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटनेच्या भोवती भिल्ल शेतमजूर जमिनीसाठी आणि मजुरीसाठी उभे राहिले होते. बायकांची शिबिरं भरली तशी त्यांनी स्वतःची यादी पुढे केली. त्या यादीत दारू होती आणि मारणारा नवरा होता. दारूची मडकी फुटली, मारकुट्या नवऱ्यांना गावापुढे जाब विचारला गेला. मजुरीचा लढा आणि मारहाणीचा लढा असे दोन वेगळे कप्पे त्या बायकांनी केले नव्हते. ते नंतर आपण, म्हणजे लिहिणाऱ्यांनी आणि कायदा करणाऱ्यांनी केले.

तिसरं गाव राजस्थानातलं भटेरी. भंवरीदेवी तिथे राज्य सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात साथिन होती, मानधनावर गावात फिरून काम करणारी. बालविवाह रोखण्याच्या कामात तिने गावातल्या वरच्या जातीच्या कुटुंबाचं वैर ओढवून घेतलं आणि सप्टेंबर १९९२ मध्ये तिच्यावर सामूहिक अत्याचार झाला. १९९५ मध्ये कनिष्ठ न्यायालयाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून मुक्त केलं. त्यावरचं अपील वर्षानुवर्षं रेंगाळलं आणि मधल्या काळात काही आरोपी मरणही पावले. पण या प्रकरणातून महिला संघटनांनी सर्वोच्च न्यायालयात जी याचिका केली, तिच्यावर १३ ऑगस्ट १९९७ रोजी 'विशाखा' निकाल आला. सरन्यायाधीश जे. एस. वर्मा, न्या. सुजाता मनोहर आणि न्या. बी. एन. कृपाल यांचं ते पीठ. सुजाता मनोहर या मुंबई उच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला न्यायाधीश. भारताने १९९३ मध्ये मान्यता दिलेल्या स्त्रीविषयक आंतरराष्ट्रीय कराराचा आधार घेऊन न्यायालयाने कामाच्या जागी लैंगिक छळ म्हणजे काय याची व्याख्या केली आणि कायदा होईपर्यंत पाळायची मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली.

इथे एक विसंगती आहे आणि ती पुढच्या सगळ्या गुंत्याचं मूळ आहे, असं मला वाटतं. जिच्यामुळे ही तत्त्वं आली तिला ना कचेरी होती ना टेबल. ती शेताच्या बांधावरून घरोघर जायची, आणि तिला त्रास देणारे तिचे साहेब नव्हते, गावातले जमीनवाले होते. तत्त्वांची घडण मात्र कचेरीची झाली. मालकाने आपल्या आस्थापनेत समिती नेमावी, अध्यक्ष बाई असावी, चौकशी व्हावी. भंवरीदेवीची तक्रार त्या समितीपुढे कशी नेली असती, हे सांगणं अवघड आहे.

२०१३ च्या कायद्याने काय दिलं

विशाखानंतर सोळा वर्षांनी कायदा झाला आणि ९ डिसेंबर २०१३ पासून लागू झाला. २०१० च्या मूळ विधेयकात घरकाम करणाऱ्या बायका वगळलेल्या होत्या. घर ही खाजगी जागा, तिथे चौकशी कशी करणार, असा त्यामागचा विचार होता. संघटनांनी आक्षेप घेतला, संसदेच्या स्थायी समितीनेही हे वगळणं नापसंत केलं आणि अखेर 'राहतं घर' कामाच्या जागेच्या व्याख्येत आलं. असंघटित क्षेत्र आलं, कंत्राटी, रोजंदारी, मध्यस्थामार्फत लावलेली बाईही आली. आजही व्याख्येपुरतं पाहिलं तर हा कायदा उदार आहे, याबद्दल टीकाकारांचंही दुमत नाही.

दहापेक्षा कमी माणसं असलेल्या ठिकाणी मालकाने नेमायची अंतर्गत समिती नसते, आणि तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर अंतर्गत समितीचा उपयोग नसतो. अशा बायकांसाठी जिल्ह्याला एक 'स्थानिक समिती' ठेवली गेली. अध्यक्ष सामाजिक कामातली स्त्री, एक सदस्य त्या तालुक्यात किंवा प्रभागात काम करणाऱ्या बायकांमधली, दोन संस्थांमधले, शिवाय महिला-बालविकास किंवा समाजकल्याणचा अधिकारी. संस्थांच्या प्रतिनिधींपैकी किमान एक स्त्री अनुसूचित जाती-जमातीची, मागासवर्गीय किंवा अल्पसंख्याक समाजातली असावी. तालुक्या-तालुक्यात आणि शहरातल्या प्रभागात तक्रार घेऊन सात दिवसांत समितीकडे पाठवणारा समन्वय अधिकारी असावा. चौकशी नव्वद दिवसांत संपावी.

घरकामगारांबाबत मात्र कायद्याने एक वेगळीच वाट आखली. प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर समितीने तक्रार सात दिवसांत पोलिसांकडे द्यायची. म्हणजे नोकरदार बाईला चौकशी, बदली, रजा, भरपाई असे जे मधले पर्याय मिळतात, ते मोलकरणीच्या वाट्याला जवळजवळ येत नाहीत. तिला थेट ठाणं. चार घरची कामं करणाऱ्या, 'सोसायटीत तक्रार गेली तर उद्यापासून गेटवर अडवतील' आणि 'उलट चोरीचा आळ घेतील' या दोन भीती उराशी बाळगणाऱ्या बाईला ठाण्याची वाट कितपत चालवेल?

गाडं कुठे अडतं

पहिला खोडा समितीच्या अस्तित्वाचा. २०१८ मध्ये मार्था फॅरेल फाउंडेशनने माहितीच्या अधिकारात देशातल्या ६५५ जिल्ह्यांकडे विचारणा केली. समिती स्थापन केल्याचं उत्तर आलं जेमतेम २९ टक्के जिल्ह्यांकडून. निम्म्याहून जास्त जिल्ह्यांनी उत्तरच दिलं नाही. पुढे गोवा विद्यापीठातल्या एका प्राध्यापकाच्या प्रकरणात, ऑरेलियानो फर्नांडिस विरुद्ध गोवा राज्य या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये अंमलबजावणीतल्या ढिलाईवर कडक शब्दांत बोट ठेवलं. डिसेंबर २०२४ मध्ये त्याच प्रकरणात तारखाच घालून दिल्या. ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत जिल्हा अधिकारी नेमा, ३१ जानेवारी २०२५ पर्यंत स्थानिक समित्या करा. कायदा लागू झाल्यावर अकरा वर्षांनी, तो लागू करा, असं न्यायालयाला सांगावं लागलं.

समिती आहे असं धरून चालू. मग पुढचे अडथळे सुरू होतात, आणि ते बारीक आहेत म्हणूनच नीट पाहायला हवेत. २०१३ च्या नियमांप्रमाणे तक्रारदाराने तक्रारीच्या सहा प्रती, सोबत कागदपत्रं आणि साक्षीदारांची नावं-पत्ते द्यायचे. लिहिता येत नसेल तर समितीने मदत करायची आहे, ही तरतूद चांगलीच आहे, पण त्यासाठी आधी समितीपर्यंत जायला हवं, आणि ती बहुधा जिल्ह्याच्या गावी, सरकारी इमारतीत असते. टोळीतल्या बाईने त्यासाठी एक दिवस काढला तर तो खाडा. खाड्यापोटी जोडीमागे दिवसाला पाचशे रुपये आणि कधी त्याहूनही जास्त कापले जातात, असं कामगार सांगतात. साक्षीदार त्याच टोळीतले, त्याच मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेले.

मग मुदत. घटनेपासून तीन महिन्यांत तक्रार हवी, सबळ कारण असेल तर आणखी तीन महिने मिळू शकतात. ऊसतोडीचा हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. हंगामाच्या सुरुवातीला झालेल्या प्रकाराबद्दल बाई गावी परतल्यावर तोंड उघडू पाहते, तेव्हा पहिली मुदत केव्हाच टळलेली असते. तक्रार करायची तरी कुठे? बीडची बाई, सातारा किंवा कोल्हापूरचा कारखाना, कधी सीमेपलीकडचा कर्नाटकातला.

आणि सगळ्यांत अवघड प्रश्न, मालक कोण? उचल देतो मुकादम. त्याला पैसा येतो वाहतूकदाराकडून किंवा कारखान्याकडून. फड असतो शेतकऱ्याचा. कारखान्याचा करार वाहतूकदाराशी, मुकादमाशी, आणि मजुरांशी आपला थेट संबंध नाही ही कारखान्यांची जुनी भूमिका. कायद्यातली 'नियोक्ता' ही व्याख्या तशी पसरट आहे. देखरेख आणि नियंत्रण ज्याच्या हाती तो त्यात येतो. पण ती या साखळीला लावून पाहण्याचं काम अजून कोणी नेटाने केलेलं नाही.

कोण काय म्हणतं

पहिली भूमिका सरकारी यंत्रणेत, महिला आयोगांत आणि बऱ्याच संस्थांमध्येही आढळते. कायदा पुरेसा आहे, तो राबवा, असं तिचं म्हणणं. समित्या भरा, सदस्यांना प्रशिक्षण द्या, निधी द्या, ऑनलाइन तक्रारीची सोय करा. केंद्राचं 'शी-बॉक्स' पोर्टल २०१७ मध्ये आलं आणि २०२४ मध्ये नव्या रूपात आलं, ते याच विचारातून. या भूमिकेची ताकद अशी की ती आज, आहे त्या साधनांत, काही करता येईल ते सांगते. तिची मर्यादा पोर्टल उघडून पाहिलं की कळते. फोन नवऱ्याच्या खिशात असतो आणि आस्थापनेचं नाव काय लिहायचं हे त्यालाही माहीत नसतं.

दुसरी भूमिका म्हणते, रचनाच चुकली. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतल्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर नेमलेल्या न्या. वर्मा समितीने जानेवारी २०१३ मध्ये अहवाल दिला, तेव्हा २०१३ च्या कायद्याचं विधेयक संसदेत होतं. विशाखा निकाल देणाऱ्या वर्मांच्याच समितीने मालकाच्या छत्राखालच्या अंतर्गत समितीऐवजी स्वतंत्र रोजगार न्यायाधिकरण सुचवलं. खोट्या तक्रारीला शिक्षेची तरतूद नको, असंही बजावलं. दोन्ही सूचना बाजूला राहिल्या आणि कलम १४ मध्ये ती शिक्षा आली. दुर्भावनेच्या तक्रारींपासून संरक्षण हवं, अशी मालक संघटनांची आणि काही कायदेतज्ज्ञांची बाजू आहे, आणि केवळ पुरावा देता आला नाही म्हणून तक्रार खोटी ठरत नाही, असं कायदा स्पष्ट म्हणतो, हेही त्यांच्या बाजूने नोंदवायला हवं. पण सहा प्रती लिहून देणाऱ्या बाईला ती बारीक अक्षरातली सोय कोणी वाचून दाखवत नाही. तिला शिक्षा तेवढी ऐकू येते. लहान उद्योजकांची आणखी एक कुरकुर असते. बंधनं वाढली की बाई कामावर ठेवणंच नको, असं मालक म्हणतील. ही भीती खरी की धमकी, याचा निवाडा सोपा नाही.

तिसरी भूमिका शिक्षेच्या धाकाची. महाराष्ट्र विधिमंडळाने डिसेंबर २०२१ मध्ये 'शक्ती' विधेयक संमत केलं, त्यात फाशीपर्यंतची तरतूद होती. राष्ट्रपतींची संमती त्याला मिळाली नाही. जनमानसात या भूमिकेला मोठा आधार आहे आणि तो समजण्यासारखाही आहे. वर्मा समितीने मात्र फाशीला विरोध केला होता, आणि स्त्री-संघटनांपैकी अनेकींचं म्हणणं असं की शिक्षा जितकी भयंकर, तितकी गावातून, घरातून तक्रार मागे घेण्याचा दाब जास्त. आरोपी मुकादम असेल तर त्याच्या अटकेबरोबर सगळ्या टोळीची उचल लटकते.

चौथी भूमिका दलित स्त्रीवादाची, आणि महाराष्ट्रात ती नीट मांडली गेली. गोपाळ गुरूंनी १९९५ मध्ये आणि शर्मिला रेगे यांनी १९९८ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त लिहिलेल्या निबंधांनी 'बाई' या एकाच शब्दाखाली सगळ्या बायका कोंबण्याला हरकत घेतली. कष्टकरी बाईवरची हिंसा अनेकदा तिच्या जातीला उद्देशून केलेली असते. ऊसतोडीत वंजारी, दलित, बंजारा, पारधी अशा समाजांच्या बायका मोठ्या संख्येने आहेत, आणि कचरावेचक बायका तर बहुतांशी दलित. अॅट्रॉसिटी कायद्यात २०१५ ची दुरुस्ती झाली, ती जानेवारी २०१६ पासून लागू झाली, आणि त्यात लैंगिक स्वरूपाचा स्पर्श, शब्द, हावभाव यांचा वेगळा समावेश झाला. २०२१ मध्ये पाटन जमाल वली खटल्यात, एका अंध दलित स्त्रीच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने जात, अपंगत्व आणि लिंग यांचा एकत्र विचार करावा असं सांगितलं. पण स्थानिक समितीपुढे आलेल्या तक्रारीत जातीचा उल्लेख असेल तर समितीने काय करायचं, हे दोन कायदे एकमेकांशी कसे बोलतात, याचं उत्तर व्यवहारात ज्याच्या त्याच्या समजुतीवर आहे.

पाचवी भूमिका संघटनेची. पुण्यात १९८० मध्ये घरकामगार बायकांनी संप केला आणि त्यातून मोलकरीण संघटना उभी राहिली. १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने कचरावेचकांना ओळखपत्रं मिळवून दिली. गळ्यातल्या त्या कार्डाचं मोल बाहेरून कळत नाही. पहाटे एकटी कचराकुंडीपाशी उभी असलेली बाई 'चोर' किंवा 'तसली' नाही, ती कामगार आहे, हे पोलिसाला आणि वॉचमनला सांगणारा तो पुरावा असतो. लैंगिक हिंसेबद्दल त्यावर एक अक्षरही नसतं, तरी त्याने जितका त्रास टळला तितका कदाचित समित्यांनी टळला नसेल. हे माझं मत झालं. आकडेवारीने ते सिद्ध करणं कठीण आहे.

याच वाटेचं एक पुढचं पाऊल तमिळनाडूत पडलं. दिंडिगुल भागातल्या कापड कारखान्यात काम करणाऱ्या एका तरुण दलित मुलीची जानेवारी २०२१ मध्ये हत्या झाली. त्यानंतर दलित बायकांच्या नेतृत्वाखालच्या तिथल्या कामगार युनियनने एप्रिल २०२२ मध्ये कारखानदारांशी आणि परदेशी कपडे-कंपन्यांशी बांधील करार केला. त्यानुसार कामगारांमधल्याच बायका लक्ष ठेवतात, तक्रारी उचलतात, आणि करार मोडला तर मोठ्या खरेदीदाराचं गिऱ्हाईक जाऊ शकतं. महाराष्ट्रातल्या उसाला हे लावता येईल का, हा प्रश्न २०२४ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने इथली साखर विकत घेणाऱ्या शीतपेय कंपन्यांकडे बोट दाखवल्यावर विचारला जाऊ लागला. पण कापडाचा कारखाना एका जागी असतो आणि बाई रोज त्याच दाराने आत जाते. फड दर चार-आठ दिवसांनी बदलतो.

मुलींचं काय

ऊसतोडीत मजुरीचं एकक जोडी आहे. 'एक कोयता' म्हणजे नवरा-बायको. माणसाला हत्याराच्या नावाने मोजणारी ही भाषा सगळं सांगून जाते. उचल कोयत्यावर मिळते, म्हणून मुलाचं लग्न लवकर, आणि मुलगी सहा महिने गावात एकटी कुणाच्या भरवशावर ठेवायची म्हणून तिचंही लवकर. महाराष्ट्रात वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के अठराच्या आत लग्न झालेल्या होत्या, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीतलं प्रमाण. बीडमध्ये ते चाळीसच्या वर होतं. सुरक्षेसाठी म्हणून केलेलं लग्न मुलीला थेट फडात आणून सोडतं.

यावर साखरशाळा झाल्या, हंगामी वसतिगृहं झाली, २०२१ मध्ये संत भगवानबाबा वसतिगृह योजनेत ४१ तालुक्यांत मुलामुलींसाठी ८२ वसतिगृहं जाहीर झाली. मुलींना मागे ठेवण्याची सोय हाच खरा प्रतिबंध, यावर जवळपास सगळे एकमत आहेत. मतभेद आहे तो बालविवाहाविरुद्धच्या कारवाईवर. गुन्हे नोंदवल्याने लग्नं थांबतात की लपतात? मुलगी गरोदर राहिल्यावर 'पोक्सो' या बाललैंगिक अत्याचारविरोधी कायद्याच्या भीतीने तिला दवाखान्यात नेणंच टाळलं जातं, असा अनुभव आरोग्य कार्यकर्त्या सांगतात.

गर्भाशयाचा प्रश्न आणि सुटलेले धागे

२०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर झाली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे आलेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. शंभरात सतरा जणी. देशाच्या पातळीवर हे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास आहे. जिल्ह्यात अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक झाली, आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना याबाबतची मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारायला सांगितलं.

ही लिंगाधारित हिंसा म्हणायची का? डॉक्टरांपैकी काहींचं म्हणणं, बायका स्वतःच येतात, दुखणं असह्य असतं. महिला किसान अधिकार मंचासारख्या गटांचं म्हणणं, पाळीत सुट्टी नाही, पाणी नाही, आडोसा नाही, खाड्याचा दंड आहे आणि डॉक्टरने कॅन्सरची भीती घातली आहे, अशा ठिकाणी दिलेल्या होकाराला संमती म्हणता येत नाही. मथुरेच्या खटल्यात संमतीचाच प्रश्न होता, हे इथे आठवल्याशिवाय राहत नाही. कुणी हात न धरता झालेली ही हिंसा २०१३ च्या कायद्याच्या व्याख्येत बसत नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०१९ च्या १९० क्रमांकाच्या करारातली 'कामाच्या जगातली हिंसा' ही कल्पना जास्त रुंद आहे. तिच्यात अनौपचारिक काम येतं, घरातल्या मारहाणीचा कामावर होणारा परिणामही येतो. भारताने त्या कराराला अजून मान्यता दिलेली नाही.

घरातल्या मारहाणीचा मुद्दा इथे विशेष टोचतो. जोडीत काम करणाऱ्या बाईचा नवरा हाच तिचा सहकामगार, उचल त्याच्या हाती, हिशेब त्याच्याशी. तो फडात तिच्यावर हात उगारतो तेव्हा ती २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याची बाब होते की कामाच्या जागेची? शहाद्याच्या बायकांना हा प्रश्न पडला नव्हता. मजुरी बाईच्या नावावर स्वतंत्र मिळावी, 'अर्धा कोयता' ही मोजणी जावी, ही मागणी याच्या मुळाशी जाते. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ झालं, नोंदणी आणि ओळखपत्रांचं काम सुरू झालं, पण उचलीचा कागद जोडीच्या नावाने आणि पैसा पुरुषाच्या हातात ही रीत कायम आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ऊसतोड कामगारांच्या स्थितीची स्वतःहून दखल घेतली, तेव्हा वेठबिगारीसारखी उचल आणि बायकांचे प्रश्न एकाच सुनावणीत आले.

घरकामगारांच्या बाजूलाही असाच धागा लोंबतो. महाराष्ट्राने २००८ मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. त्यात कल्याण आहे, मालकावरची जबाबदारी फारशी नाही. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला घरकामगारांसाठी स्वतंत्र कायद्याच्या शक्यतेवर समिती नेमायला सांगितलं. त्या कायद्यात लैंगिक छळाची तक्रार पोलीस ठाण्याऐवजी आणखी कुठे नेता येईल का, हे ठरायचं आहे.

न्यायालयाने समित्यांसाठी दिलेली ३१ जानेवारीची तारीख ऐन हंगामातली होती. त्या दिवशी मराठवाड्यातल्या कित्येक गावांत म्हातारी माणसं आणि कुलपं एवढंच होतं, आणि त्या गावांतल्या बायका दोन-तीन जिल्हे ओलांडून कुणाच्या तरी फडात मोळ्या बांधत होत्या. त्यांची स्थानिक समिती त्या दिवशी कोणत्या जिल्ह्याची धरायची, गावच्या की फडाच्या, हे कोणत्याच आदेशात लिहिलेलं नव्हतं.